घोडा लंगडायच्या आधी रक्तात काही दिसतं का?

सांधेजोड (धागाकर्ता)

मागे महालक्ष्मीच्या शर्यतींच्या धाग्यावर कोणीतरी सहज विचारलं होतं, "माणसाची शुगर रक्तातून कळते, मग घोड्याचा सांधा बिघडायला लागलाय हे का कळत नाही?" तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून वेगळा काढतोय. मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरीचा, सध्या पुण्यात बहुतेक घोडेच बघतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

उत्तर आधीच सांगून टाकतो: कळतं, पण तुम्ही समजता तसं नाही.

मुळात अडचण काय आहे? हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे ती झिजत असते तेव्हा घोड्याला काही जाणवत नाही. दुखायला लागतं ते सांध्याचं अस्तर सुजलं किंवा कूर्चेखालच्या हाडावर ताण आला की. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसतात ते हाडाचे बदल: कडेला आलेले काटे, दोन हाडांमधली कमी झालेली फट. म्हणजे घोडा लंगडला, पाय दुमडून मग पळवून बघितला, कुठला भाग दुखतोय ते बधिर करून शोधलं, एक्स-रे काढला आणि त्यात काही सापडलं, तोवर बराच उशीर झालेला असतो. गेलेली कूर्चा पुन्हा तशीच्या तशी भरून येत नाही.

आता रक्ताकडे येऊ. कूर्चा मुख्यतः दोन गोष्टींची: टाइप-टू कोलॅजनचे धागे, आणि त्यात अडकलेला, पाणी धरून ठेवणारा ॲग्रिकॅन. झीज सुरू झाली की सांध्यातली एन्झाइम्स कोलॅजनचा धागा एका ठरावीक जागीच तोडतात. तुटल्यावर जे टोक उघडं पडतं ते अखंड धाग्यात नसतंच. त्या टोकालाच चिकटेल अशी अँटिबॉडी तयार करता येते. उभा ऊस तिला दिसत नाही. कोयत्याने तोडल्यावर उघडं पडलेलं कांडं तेवढं दिसतं. हे तुकडे सांध्याच्या वंगणात उतरतात, तिथून लसिकेत, तिथून रक्तात. एलायझा या अँटिबॉडी वापरून केलेल्या तपासणीने ते मोजता येतात. सी-टू-सी, सीटीएक्स-टू ही नावं अशा तुकड्यांची.

उलट बाजूनेही मोजतात. शरीर नवीन कोलॅजन बनवतं तेव्हा रेणूच्या टोकाचा एक भाग छाटून टाकतं, तो म्हणजे सीपी-टू. नव्याने बनलेल्या ॲग्रिकॅनवर सीएस-८४६ सापडतं. हाडाच्या घडामोडींसाठी ऑस्टिओकॅल्सिन. यातला एकच आकडा घेऊन बसलं तर फसगत होते. तोडणं किती आणि बांधणं किती, हे दोन्ही एकत्र बघावं लागतं.

या विषयात सगळ्यात जास्त काम झालंय ते अमेरिकेत, फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात. वेन मॅकइलरेथ आणि डेव्हिड फ्रिस्बी ही तिथली मोठी नावं. त्यांचा प्रयोगाचा नमुना असा: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने घोड्याच्या पुढच्या पायाच्या एकाच गुडघ्यात हाडाचा बारीक टवका काढायचा, दुसऱ्या गुडघ्यात नुसतंच आत जाऊन बाहेर यायचं, आणि मग ट्रेडमिलवर पळवायचं. (हा 'गुडघा' म्हणजे आपलं मनगट. घोडा बोटावर उभा असतो.) जोडीला असे घोडे, ज्यांना टवका नाही पण व्यायाम तेवढाच. २००८ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या कामात दोन गोष्टी दिसल्या. नुसत्या व्यायामानेही बरेच मार्कर (म्हणजे वर सांगितलेले, रक्तात मोजायचे हे पदार्थ) वाढतात. आणि बिघडलेल्या सांध्याच्या घोड्यांमध्ये काही मार्कर व्यायामाच्या वाढीच्याही वर जातात.

पुढे २०१० मध्ये त्यांनी शर्यतीच्या दोन आणि तीन वर्षांच्या १३० थरोब्रेड घोड्यांचा अभ्यास मांडला. प्रयोगशाळा नाही, खरे तालमीतले घोडे, दर महिन्याला रक्त. कोणता घोडा जखमी होणार आणि कोणता नाही, याची वर्गवारी रक्तावरून ७० टक्क्यांहून थोडी जास्त वेळा बरोबर आली.

आता हा आकडा चांगला की वाईट, यावरच भांडायला हा धागा आहे. या.

---

शर्यतखोर

मस्त लेख, डॉक. पण ७० टक्के म्हणजे माझ्या टिप्सपेक्षा बरंच की! कृ.ह.घ्या.

खरा प्रश्न: शर्यतीच्या आदल्या दिवशी रक्त घेऊन "हा पळणार, हा नाही" असं क्लबला ठरवता येईल का? रक्त-लघवी तर डोपिंगसाठी घेतातच.

---

सांधेजोड

@शर्यतखोर, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. समजा सी-टू-सी जास्त आलं. ते का जास्त? काल सकाळी जोरात गॅलप दिला म्हणून? घोडा दोन वर्षांचा आहे आणि अजून वाढतोय म्हणून? कोवळ्या वयात हे मार्कर, विशेषतः बांधणीचे, इतके चढे असतात की म्हाताऱ्या घोड्याच्या मापाने बघितलं तर प्रत्येक शिंगरू आजारी ठरेल. ऑस्टिओकॅल्सिन तर दिवसाच्या वेळेनुसारही वरखाली होतं.

म्हणून मी कायम हेच सांगतो: घोड्याची तुलना त्याच घोड्याशी करा. पुण्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी, काम हलकं असताना एकदा रक्त. मग दर महिन्याला, त्याच वेळी, कामाच्या त्याच टप्प्यावर. घोड्याची स्वतःची रेघ तयार झाली की ती कुठे वाकते ते बघायचं. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याचा आकडा तुमच्या काही कामाचा नाही.

---

लाल_माती

डॉक्टरसाहेब, मी माथेरानचा. आमच्या घरची घोडी पर्यटकांना फिरवते. आमच्याकडे सरकारी डॉक्टर रक्त नेतात ते ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी, सांध्यासाठी कोणी नेलेलं मी तरी बघितलेलं नाही. आमचं निदान वेगळं. मागच्या पायाची नाल काढली की उलटी करून बघतो. पुढून, बोटाकडून जास्त घासलेली असेल तर समजायचं घोडं मागचा पाय उचलत नाही, ओढतं. सकाळी ठाणावरून काढताना पहिली दहा पावलं आखडून टाकतं आणि मग मोकळं होतं. चढाला कुरकुरत नाही, उताराला बाजूबाजूने उतरतं.

यापेक्षा तुमची तपासणी आधी सांगते का? आणि आमच्यासारख्याला ती परवडते का, हे पण सांगा.

---

सांधेजोड

दादा, तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या ज्युनिअरना वाचून दाखवणार आहे. हॉकचा, म्हणजे मागच्या पायाच्या टाचेचा, सांधा झिजलेला घोडा नाल पुढून घासतो, हे पुस्तकातही तसंच आहे.

आधी सांगते का? तत्त्वतः हो, कारण नाल घासायला लागली म्हणजे घोड्याने चाल बदलली, आणि चाल बदलली म्हणजे दुखायला लागलेलं आहे. तुकडे रक्तात त्याच्या आधीपासून पडत असतात. पण तुमच्या घोडीसाठी मी ही तपासणी सांगणार नाही. पुण्या-मुंबईच्या नेहमीच्या लॅबमध्ये ती होत नाही. किट बाहेरून मागवावं लागतं, एका किटमध्ये बरेच नमुने एकदम तपासायची अख्खी प्लेट असते आणि एका घोडीसाठी ती कोणी फोडत नाही. तेवढ्या पैशांत नालबंद वेळेवर बोलवा, नाल पुढून गोल करून घ्या म्हणजे पाय उचलायला सोपं जाईल, आणि वजनदार गिऱ्हाईक दिवसाला किती घ्यायचं यावर मर्यादा ठेवा.

---

पिपेटधारी

मी घोड्यांमधला नाही, पण एलायझा रोज करते. काही तांत्रिक मुद्दे, कारण लोक "टेस्ट" म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं मशीनमध्ये रक्त टाकलं की आकडा येतो.

टाइप-टू कोलॅजनची रचना माणूस आणि घोडा यांच्यात खूप सारखी आहे, म्हणून माणसासाठी बनवलेली बरीच किट्स घोड्यावर चालतात. पण "चालतं" आणि "घोड्यासाठी तपासून घेतलंय" यात फरक आहे. कुठलंही किट घेतलं तर आधी घोड्याच्या सीरमवर ते नीट वागतं का ते बघावं लागतं: सीरम पातळ करत गेलं की आकडा त्याच प्रमाणात उतरतो का, बाहेरून मुद्दाम घातलेला तुकडा पुरेपूर सापडतो का.

दुसरं, एकाच घोड्याचे सहा महिन्यांचे नमुने सहा वेगवेगळ्या प्लेटवर केले तर तुम्ही म्हणता ती रेघ प्लेटमुळेच वाकेल. सगळे नमुने उणे ८० अंशांत साठवा आणि शेवटी एकाच प्लेटवर लावा. अर्थात तसं केलं तर निकाल सीझन संपल्यावर येणार. मग "आधी कळलं" याला अर्थ काय राहिला? यावर डॉक्टरांचं उत्तर ऐकायला आवडेल.

---

सांधेजोड

@पिपेटधारी, नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत, ताई. हीच खरी अडचण आहे आणि त्यामुळेच गेली कित्येक वर्षं हे संशोधनात जोरात आणि तबेल्यात मंद आहे. मधला मार्ग असा की जुन्या नमुन्याचा थोडा भाग राखून ठेवायचा आणि प्रत्येक नवीन प्लेटवर तोही लावायचा, म्हणजे प्लेटचा फरक वजा करता येतो. सोपं नाही, पण होतं.

---

निवृत्त_हाडवैद्य

मी माणसांचा अस्थिरोगतज्ज्ञ होतो. एक टिप्पणी. माणसातही गुडघ्याच्या झिजेसाठी लघवीतलं सीटीएक्स-टू वगैरे बरंच मोजून झालंय, पण आजही मी रुग्णाला झिजेसाठी रक्ताची तपासणी लिहून देणार नाही. कारण रक्त हे सांगत नाही की तुकडा कुठून आला. माणसाच्या मणक्याच्या चकत्यांमध्येही टाइप-टू कोलॅजन आहे. घोड्याचे पाय चार, सांधे कितीतरी. डाव्या गुडघ्याचा तुकडा की उजव्या हॉकचा, कसं ओळखणार?

---

सांधेजोड

नाही ओळखत, सर. तुम्ही म्हणता त्यात श्वासनलिकेची कूर्चाही धरा. सांध्यातलंच वंगण काढून तपासलं तर जागा कळते, पण निरोगी दिसणाऱ्या सांध्यात दर महिन्याला सुई घालायची आणि जंतूंना आमंत्रण द्यायचं, हे मी माझ्या घोड्याला करणार नाही.

रक्ताचं काम चाळणीचं. तबेल्यातल्या चाळीस घोड्यांपैकी कोणत्या चौघांना नीट बघायचं, एवढं त्याने सांगितलं तरी पुरे. पुढे दुडक्या चालीवर पळवणं, बधिर करून बघणं, एक्स-रे, एमआरआय आहेच.

---

बे_एरियाची_बाई

कॅलिफोर्नियातून. इथे २०१९ मध्ये सांता अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे दगावले तेव्हा रोज बातम्यांत तेच होतं. त्यानंतर तिथे उभ्या घोड्याचा पेट स्कॅन करण्याचं मशीन बसलं. घोड्याला भूल द्यायची गरज नाही, नुसती गुंगी देऊन फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा) मशीनच्या कड्यात घालतात. मी एका ओपन डेला बघितलंय. घोडा झोपाळू डोळ्यांनी उभा, आणि सईस त्याच्या कानाशी सतत काहीतरी पुटपुटत होता.

इथे १९९०पासून शर्यतीत मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन करायचा नियम आहे. त्यातून हे कळलं की जीवघेणी मोडतोड सहसा अचानक होत नाही. त्या जागी आधीपासून ताणाने झालेली इजा असते. मग २०२२पासून देशभरासाठी सुरक्षेचं एक प्राधिकरण आलं. केंटकी विद्यापीठातले लोक रक्तातला मेसेंजर आरएनए मोजतायत: सांध्याचे तुकडे नाही, तर पेशी कोणते जनुक चालू-बंद करतायत ते. जीवघेणी इजा झालेल्या घोड्यांमध्ये आयजीएफ-१ या जनुकाचा आरएनए कमी आणि इतर दोन जनुकांचा जास्त, असं काहीसं त्यांना दिसलं. डॉक्टर, हा तुमच्या मार्करचाच भाऊ का?

---

सांधेजोड

चुलतभाऊ म्हणा. ती दोन जनुकं म्हणजे एमएमपी-२ आणि आयएल-१आरएन. कूर्चेचे तुकडे सांगतात "इथे काहीतरी तुटतंय", आरएनए सांगतं "शरीर कशाला तरी तोंड देतंय". त्यासाठी रक्त घेतल्याबरोबर आरएनए टिकवणाऱ्या खास ट्यूबमध्ये जावं लागतं, साध्या ट्यूबमध्ये ते मोडतं. कल्पना मला आवडते, कारण शर्यतीतली मोठी दुर्घटना बहुतेक वेळा हाडाची असते, नुसत्या कूर्चेची नाही.

स्वीडनमध्येही याच अंगाने काम झालंय. बायग्लायकन नावाच्या प्रथिनाचा असाच एक कापलेला तुकडा कूर्चेखालचं हाड टणक होण्याशी जोडला गेलाय, आणि तो त्यांनी लाळेतही शोधून पाहिला. लाळेवर जमलं तर लाल_माती दादांसारख्यांना खरा उपयोग. काडीला कापूस लावून तोंडात फिरवला की झालं.

---

घोडेबाजार

मी डिसेंबरात सारंगखेड्याला जाणार आहे. एक मारवाडी घोडी बघायचीय, बजेट घरी सांगण्यासारखं नाही. घेण्याआधी ही तपासणी करून घेऊ का? विकणारा म्हणतो, रक्त काढा, काय हवं ते काढा.

---

सांधेजोड

नको. एका नमुन्याचा अर्थ कोणी लावू शकणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे लावला तर त्याच्यापासून लांब राहा. रक्त मात्र जरूर काढा, दुसऱ्या कारणासाठी. ब्यूटासारखं वेदनाशामक दिलेला घोडा बाजारात नाचतो आणि घरी आल्यावर लंगडतो. इंग्लंडात खरेदीच्या तपासणीत रक्त घेऊन सहा महिने जपून ठेवतात. नंतर वाद झाला तर त्यात औषध शोधता येतं. विकणाऱ्यासमोर रक्त काढा, दोघांच्या सह्यांनी सील करा. बऱ्याचदा हे सुचवल्यावरच भाव उतरतो.

आणि घोडी वाळूवर नाही, कडक जमिनीवर पळवून बघा. मान बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना ती डोकं वर उचलेल. बाजारातल्या ढोल-ताशात हे बघायला मिळत नाही, तेव्हा पहाटे जा.

---

खोगीरभरती

माझा अनुभव. आमच्या रायडिंग क्लबच्या घोड्याचा फेटलॉक सुजला होता. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि "सीके, एएसटी नॉर्मल, सांधा ठीक आहे" असं सांगितलं. घोडा पुढे आठ महिने आडवातिडवा चालला. मग रक्ताचं एवढं कौतुक कशाला?

---

सांधेजोड

कारण ते रक्त स्नायूंचं विचारत होतं, सांध्याचं नाही. सीके आणि एएसटी स्नायूंना इजा झाली की वाढतात. कूर्चा झिजली म्हणून सीके हलणार नाही.

सांध्याच्या बाबतीत आज लगेच उपयोगी पडणारी रक्ततपासणी एकच, सीरम ॲमिलॉइड ए. पण ती झिजेची नाही, जंतुसंसर्गाची. निरोगी घोड्यात हा आकडा अगदी कमी असतो आणि संसर्ग झाला की काही तासांत शेकड्यांत जातो. बाभळीचा काटा किंवा खिळा सांध्यात गेलाय अशी शंका असेल तर तबेल्यातच पट्टीवर बघता येतं. झिजेत तो सहसा हलतही नाही. तेव्हा ॲमिलॉइड नॉर्मल म्हणजे सांधा निरोगी, हाही गैरसमज नको.

---

तिरकस

मी सगळा धागा वाचला. एक गोष्ट कोणी बोलत नाही. समजा रेघ वाकली. ट्रेनर काय करणार? विश्रांती देणार, की सांध्यात स्टेरॉइड टोचून ती शर्यत काढून घेणार आणि नंतर घोडा कुठल्यातरी लग्नाच्या वरातीवाल्याला विकणार? ज्याला आधी कळतं तो आधी विकतो.

---

शर्यतखोर

+१. आणि तुमचा निकाल कोणाच्या मालकीचा? मालकाचा, ट्रेनरचा की क्लबचा? बुकींच्या हाती लागला तर बघायलाच नको.

---

सांधेजोड

@तिरकस, तुम्ही म्हणता तसं होणार, यात शंका नाही. होतंही. स्टेरॉइड टोचल्यावर मार्करही बदलतात, म्हणजे वाकलेली रेघ सरळ दाखवता येईल. म्हणून माझं मत असं की निकाल एकट्या ट्रेनरकडे जाऊ नये. क्लबच्या पशुवैद्यकाकडे जावा, घोड्याच्या नोंदवहीत चढावा, आणि घोडा हातून हाती गेला तरी वही सोबत जावी. इंजेक्शनांची नोंदही त्याच वहीत. नुसती तपासणी आणून वही न आणणं म्हणजे विकणाऱ्यांची सोय.

आणि विश्रांतीच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट. लवकर सापडलेल्या घोड्याला महिना-दीड महिना हलकं काम देऊन पुन्हा आणता येतं. उशिरा सापडलेल्याला सहा महिने, आणि तरी तो पूर्वीसारखा येईल याची हमी नाही. चंदी-चारा, सईसाचा पगार, ठाणाचं भाडं चालूच. मालकाला दया नसली तरी हिशेब कळतो.

---

खोगीरभरती

डॉक्टर, मग आमच्या क्लबसाठी काय करू? बारा घोडे आहेत, मुलं शिकतात, सगळे दहाच्या पुढचे. पैसे बेताचे.

---

सांधेजोड

आज काहीही मोजू नका. ग्लँडर्ससाठी रक्त घेतील तेव्हा प्रत्येक घोड्याचं एक जादा सीरम काढून गोठवून ठेवा. सोमवारी सकाळी, रविवारची सुट्टी झाल्यावर, खरारा करायच्या आधी. पुढे कोणी घोडा बिघडला आणि किट मागवायची वेळ आली तर त्याचा जुना नमुना हातात असेल. बाटलीवर घोड्याचं नाव, तारीख, वेळ आणि आदल्या आठवड्यात किती काम केलं ते लिहा. काम लिहायला विसरू नका, बाकी सगळे विसरतात.

---

खोगीरभरती

लाल झाकणाची ट्यूब की जांभळ्या?

---

सांधेजोड

लाल. गोठू द्या, फिरवा, वरचं सीरम दोन छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा. एकच बाटली पुन्हा पुन्हा वितळवू नका. घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी नको, पॅथॉलॉजीवाल्या ओळखीच्याकडे उणे ८०ची जागा मिळते का बघा. पिपेटधारी ताईंना विचारा, त्या पुण्यात असतील तर.

---

पिपेटधारी

पुण्यातच आहे. एक रॅक रिकामा आहे. व्यनि करा.